नाळेचं रक्त आणि अकरा किलोचं पोर

कुणाचा पाय एखाद्या जागेतून निघेनासा झाला की आपण विचारतो, "तुझी काय नाळ पुरलीय का इथे?" इंदूरला रामबागेतल्या आमच्या जुन्या वाड्याच्या परसात खरोखरच तीन-चार नाळा पुरलेल्या आहेत, त्यातली एक माझी. बाळंतपणं घरीच व्हायची, सुईण नाळ कापायची आणि ती मातीत जायची. तिच्यातल्या रक्ताचा काही उपयोग असेल, हे कुणाच्या मनातही येत नसे.

माझ्याही आलं नव्हतं, आणि मी तर रक्तपेढीत एकतीस वर्षं तंत्रज्ञ होतो. रक्तगट तपासायचे, पिशव्या वेगळ्या करायच्या, रात्री-अपरात्री धावत आलेल्या नातेवाइकांना "बसा, क्रॉसमॅचला पाऊण तास लागतो" म्हणून सांगायचं. नाळेचं रक्त हे पुस्तकातलं एक प्रकरण होतं. मग मुंबईहून भाचीचा फोन आला.

"मामा, डॉक्टर म्हणतात कॉर्ड ब्लड देऊ. कुणाच्या तरी बाळाच्या नाळेतलं. कुणाचं तेही सांगत नाहीत. तुम्ही रक्तातले ना, सांगा, असलं रक्त चढवून काय होणार?"

तिला फोनवर जे तुकड्या-तुकड्यानं सांगितलं, ते इथे नीट लिहून काढतोय. मी डॉक्टर नाही. तुमच्या मुलाचा निर्णय त्याच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या. पण डॉक्टरांच्या त्या वीस मिनिटांत जे कानावरून जातं, ते कळायला याची मदत होईल.

आधी भाचीच्या पोराचं दुखणं. तान्हा असल्यापासून अंगावर इसब, सारखा कान फुटायचा, आणि नुसतं उचलून घेतलं तरी काखेत काळेनिळे डाग. प्लेटलेट वीस हजार. निरोगी मुलात त्या दीड लाखाच्या वर असतात. नुसत्या प्लेटलेट कमी असणं काही दुर्मीळ नाही, डेंग्यूच्या दिवसांत अर्ध्या इंदूरच्या कमी होतात. पण रिपोर्टात एमपीव्ही म्हणून एक ओळ असते, जी सहसा कुणी वाचत नाही. प्लेटलेटचा आकार. साधारण 7 ते 11 च्या मधे असायला हवा, याचा 4 च्या आसपास. प्लेटलेट कमी आणि वर बारीक, मुलगा, इसब, सारखा संसर्ग: हे सगळं एकत्र आलं की विस्कॉट-आल्ड्रिच नावाच्या आजाराची शंका घेतात. एक्स गुणसूत्रावरचा एक जीन बिघडलेला असतो, म्हणून हा आजार जवळजवळ फक्त मुलग्यांना होतो. जीनची तपासणी झाली, शंका खरी निघाली.

या आजारात रक्त बनवणारा कारखानाच सदोष असतो. हाडांच्या पोकळीतल्या मगजात, म्हणजे बोन मॅरोत, काही मोजक्या मूळ पेशी असतात. त्यांना स्टेम सेल म्हणतात. लाल पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, सगळ्या त्यांच्यापासून तयार होतात, रोज, मरेपर्यंत. जीन तिथेच बिघडलेला असेल तर बाहेरून कितीही प्लेटलेट चढवा, आठवडाभरात पुन्हा मागचे पाढे पंचावन्न. पक्का इलाज करायचा तर मूळ पेशीच बदलायच्या. अशा प्रतिकारशक्तीच्या आजारांच्या मुलांमधले पहिले यशस्वी बोन मॅरो ट्रान्सप्लांट 1968 साली झाले, म्हणजे कल्पना काही नवी नाही. अडतं ते एकाच प्रश्नावर: पेशी आणायच्या कुणाच्या?

इथे रक्तगट जुळून भागत नाही. एचएलए जुळावं लागतं. सहाव्या गुणसूत्रावर काही जीन असतात, ते प्रत्येक पेशीच्या अंगावर तिची ओळखपत्रं चिकटवतात. अर्धी आईकडून येतात, अर्धी बाबांकडून, त्यामुळे सख्ख्या भावंडाचं पूर्ण जुळायची शक्यता चारात एक. भाचीला मी म्हटलं, पत्रिका जुळवण्यासारखंच समज, फक्त इथे छत्तीसातले अठरा गुण चालत नाहीत. मोठ्या माणसाच्या पेशी घ्यायच्या तर डॉक्टरांना एचएलएच्या दहापैकी दहा खुणा जुळायला हव्या असतात, फार तर नऊ. याला भावंड नव्हतं. दात्यांच्या नोंदण्या पाहिल्या. आपल्याकडे दात्री नावाची मोठी नोंदणी चेन्नईहून 2009 पासून चालते, आणि जगभरच्या नोंदण्या मिळून चार कोटींच्या वर नावं आहेत. त्यात वेळेत पूर्ण जुळणारा कुणी सापडला नाही. चार कोटींत आपली माणसं फार थोडी, हे त्यामागचं एक साधं कारण.

आई-बाबांचं निम्मं जुळतंच. हल्ली निम्म्या जुळणीवरही ट्रान्सप्लांट करतात, त्याला हॅप्लो म्हणतात. खरं सांगायचं तर गेल्या दहा-पंधरा वर्षांत हॅप्लोनं नाळेच्या रक्ताला बरंच मागे टाकलंय. दाता घरातच असतो, खर्च कमी, पेशी हव्या तितक्या. म्हणून तुमच्या डॉक्टरांनी नाळेच्या रक्ताचं नावही काढलं नाही तर दचकू नका. आमच्या पोराच्या बाबतीत घोळ असा की दीड वर्षात चढवलेल्या प्लेटलेटमुळे त्याच्या रक्तात परक्या एचएलएविरुद्ध अँटिबॉडी तयार झाल्या होत्या, आणि नेमक्या आई आणि बाबा दोघांच्याही एचएलएला लागू पडत होत्या. पेशी आत जाण्याआधीच त्यांना मारायची तयारी झालेली. तेव्हा नाळ पुढे आली, कारण तिच्यातल्या रक्तातही याच मूळ पेशी असतात.

नाळेच्या रक्ताची सगळी कथा दोन शब्दांत मावते: कोरं आणि थोडं. त्याचे फायदे-तोटे सगळे या दोनच शब्दांतून निघतात.

कोरं म्हणजे काय? मोठ्या माणसाच्या पांढऱ्या पेशी म्हणजे राजवाड्याच्या चौकात वीस वर्षं उभा असलेला हवालदार. अनोळखी चेहरा दिसला की दंडुका उगारणार. अशा पेशी दुसऱ्याच्या अंगात घातल्या की त्यांना ते सगळं अंगच अनोळखी वाटतं, आणि त्या कातडी, आतडी, यकृत यांच्यावर तुटून पडतात. याला जीव्हीएचडी म्हणतात, आणि ट्रान्सप्लांटवाल्यांची अर्धी झोप यानंच उडते. नाळेतल्या पेशी म्हणजे परवा भरती झालेलं पोरगं. त्यानं अजून कुणाशी भांडणच केलेलं नाही. म्हणून एचएलए थोडं कमी जुळलं तरी निभावतं. नाळेच्या जुन्या हिशेबात दहाऐवजी सहाच खुणा मोजत, त्यातल्या चार जुळल्या तरी चालत. आमच्याला सहापैकी पाच जुळलेली पिशवी मिळाली.

आता थोडं. एका नाळेतून आणि वारेतून मिळून निघतं शंभर मिलिलीटरच्या आसपास, चहाच्या कपापेक्षा कमी. भाचीला मी आकडे मांडून दाखवले. पिशवीत केंद्रक असलेल्या पेशी समजा 110 कोटी. ऐकायला खूप वाटतात. पण ट्रान्सप्लांटमध्ये हिशेब दर किलो वजनाचा असतो. अकरा किलोच्या पोराला भागा: किलोमागे 10 कोटी. कॅन्सरसाठी निदान अडीच-तीन कोटी लागतात, असल्या जन्मजात आजारात त्याहून जास्त, म्हणजे भरपूर झालं. आता तीच पिशवी त्याच्या बाबाला द्यायची म्हणा. तो 66 किलोचा. किलोमागे पावणेदोन कोटीही नाहीत. संपलं. मोठ्यांना कधी-कधी दोन पिशव्या एकत्र देतात ते त्याचसाठी. आणि या कोट्यवधींतही खऱ्या मूळ पेशी शेकड्याला अर्धीसुद्धा नसतात.

भाची म्हणाली, "म्हणजे पोरगं लहान आहे हे बरंच झालं." तिच्या तोंडून गेल्या कित्येक महिन्यांत ऐकलेलं हे पहिलं बरं वाक्य. शिवाय या आजारात परक्याच्या पेशी द्यायच्या तर पाच वर्षांच्या आत दिलेलं फळतं, हा अनुभवही आहे.

दान होतं कसं, तेही बघू. बाळ जन्मलं, नाळेला चिमटा लावून कापली की बाळाचा त्या रक्ताशी संबंध संपतो. मग नाळेच्या शिरेत सुई घालून रक्त पिशवीत घेतात. आपल्या रक्तदानाच्या पिशवीत न गोठण्यासाठी जे द्रावण असतं तेच यातही. आईची संमती आधी घेतलेली असते, तिच्या एचआयव्ही, काविळीच्या तपासण्या होतात, घराण्यातल्या आजारांची चौकशी होते. मग पेशी घट्ट करून पंचवीसेक मिलिलीटरवर आणतात आणि उणे 196 अंशाच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतात. दान केलेल्यांतल्या बऱ्याच पिशव्या पेशी कमी भरल्या म्हणून बादही होतात. हल्ली बाळाला रक्त मिळावं म्हणून नाळ मिनिटभर तरी थांबून कापा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि ते योग्यच आहे, पण त्यानं पिशवीत येणारं रक्त आणखी घटतं.

पहिल्यांदा हे कुणी केलं? ऑक्टोबर 1988 मध्ये पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात एलिआन ग्लुकमन या डॉक्टरबाईंनी, फँकोनी ॲनिमिया हा जन्मजात आजार असलेल्या पाच वर्षांच्या अमेरिकन मुलावर. नाळ त्याच्या नुकत्याच जन्मलेल्या बहिणीची होती. रक्त अमेरिकेत हॅल ब्रॉक्समायर यांच्या प्रयोगशाळेत गोठवून ठेवलं आणि मग पॅरिसला नेलं. त्यानंतर न्यूयॉर्कमध्ये दानाची पहिली सार्वजनिक पेढी निघाली, आणि 1993 पासून अनोळखी बाळांची नाळ अनोळखी मुलांना मिळू लागली.

पण पेशी देण्याआधी जागा मोकळी करावी लागते. वाड्यात खोल्या मोजक्या असतात, जुने भाडेकरू निघाल्याशिवाय नव्यांना बिऱ्हाड थाटता येत नाही. मगजाचं तसंच. म्हणून आठ-दहा दिवस जबर केमोथेरपी देऊन जुन्या मूळ पेशी संपवतात. केस जातात, तोंड आतून सोलवटतं, पाणी गिळवत नाही. भाचीनं फोनवर सगळं धीरानं सांगितलं, फक्त संमतिपत्रातल्या एका ओळीपाशी थांबली: या औषधांमुळे पुढे मूल होण्याची क्षमता जाऊ शकते. दोन वर्षांच्या पोराच्या वतीनं त्या ओळीखाली सही करायची. याच्यावर मला काही समजावून सांगता आलं नाही, मी नुसता फोन धरून बसलो.

शून्यावा दिवस. ट्रान्सप्लांटमध्ये दिवस असे मोजतात: उणे आठ, उणे सात, मग शून्य, मग अधिक एक. मी अवंतिका एक्स्प्रेसनं रात्रीतून मुंबईला गेलो होतो. ऑपरेशन थिएटर वगैरे काही नाही. पोर पलंगावर, छातीतून निघालेली सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेली नळी, दाराबाहेर हवा गाळणारं यंत्र घुमतंय. पोलादी नळकांड्यातून पातळ डबी काढली, डबीतून पिशवी, तळहाताएवढी. 37 अंशाच्या पाण्यात धरली, बघता-बघता बर्फाचा लाल चिखल झाला, मग रक्त. पंचवीस मिनिटांत सगळं आत गेलं. मी काचेबाहेरून बघत होतो. एकतीस वर्षांत हजारो पिशव्या लावून दिल्या, इतकी लहान पिशवी कधी पाहिली नव्हती.

रात्री भाची मास्कमधून म्हणाली, "मामा, खोलीत सराफ्यातल्या भुट्ट्याच्या किसाचा वास येतोय." तिला वाटलं घराच्या आठवणीनं भास होतोय. भास नव्हता. गोठताना पेशी फुटू नयेत म्हणून डीएमएसओ नावाचं रसायन घालतात, ते शरीराबाहेर पडतं श्वासातून. कुणाला त्याचा लसणासारखा वास येतो, कुणाला मक्यासारखा. एक-दोन दिवसांत जातो.

शिरेत सोडलेल्या पेशी हाडापर्यंत जातात कशा? मगज एक रसायन सोडतो, त्याच्या मागावर मूळ पेशी आपोआप जातात. वाट कुणी दाखवावी लागत नाही.

नंतर नुसतं थांबायचं. इथे "थोडं" असण्याची किंमत चुकवावी लागते. भावंडाचा मगज दिला तर पेशी दोन-तीन आठवड्यांत रुजतात, नाळेला तीन-चार आठवडे लागतात, प्लेटलेटला तर महिना-दोन महिने. तोवर पांढऱ्या पेशी शून्य. फुलं नाहीत, ताजी फळं नाहीत, बाहेरचं काही नाही. विहीणबाई खजराण्याच्या गणपतीच्या दूर्वा आणि अंगारा घेऊन आल्या होत्या, ते दाराबाहेरच्या टेबलावर राहिलं. ओल्या पाना-फुलांवर बुरशी असते, आणि त्या पोराचा जीव घ्यायला तेवढी बुरशी पुरेशी होती. घरी रामबागेत रोज सकाळी पोह्यांबरोबर एकच प्रश्न: "काउंट आले का?" न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, सलग तीन दिवस 500 च्या वर राहिल्या की पेशी रुजल्या असं धरतात. आमचे आकडे असे: शून्य, शून्य, शून्य, विसाव्या दिवशी 40, मग परत 20, मग 180. चोविसाव्या दिवशी 520. पंचविसाव्याला 610. सव्विसाव्या दिवशी बहिणीनं शेजाऱ्यांत पेढे वाटले, तिसऱ्या आकड्याची वाट न बघता.

पंधरवड्यानं तळहात-तळपाय लाल झाले, मेंदी काढल्यासारखे. म्हणजे कोऱ्या पेशींनीही दंडुका उगारलाच. जीव्हीएचडी, पण हलक्यातला. स्टेरॉइडनं आवरला. कमी होतो म्हणजे होतच नाही असं नव्हे, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलेलं. दुसरा त्रास विषाणूंचा. हवालदार नवखा, त्यानं सीएमव्हीसारखे जुने गुन्हेगार कधी पाहिलेलेच नाहीत, त्यामुळे कित्येक महिने दर आठवड्याला रक्त तपासत राहावं लागतं. सगळ्याच घरांत पेढे वाटायची वेळ येत नाही, शेजारच्या खोलीतलं एक मूल त्याच महिन्यात गेलं. शंभराव्या दिवसापर्यंत रुग्णालयाजवळच राहायचं, आणि नंतर सगळ्या लसी पहिल्यापासून, कारण जुन्या पेशींबरोबर जुन्या लसींची आठवणही गेलेली असते.

आता खाजगी पेढ्यांबद्दल, कारण हा लेख वाचणाऱ्यांत कुणीतरी गरोदर असेलच. प्रसूतिगृहाच्या बाकावर बसलं की एक मुलगा गुळगुळीत माहितीपत्रक हातात देतो: बाळाची नाळ साठवा, आयुष्यभराचा विमा. माझ्या पुतणीनंही साठेक हजार भरले. मला आधी विचारलं असतं तर नको म्हणालो असतो. बाळाला जन्मजात रक्ताचा आजार निघाला तर तो बिघडलेला जीन त्याच्या नाळेतही असणारच. आमच्या पोराची स्वतःची नाळ साठवलेली असती तरी काय कामाची? आयसीएमआर, म्हणजे देशाची वैद्यकीय संशोधन परिषद, आणि बालरोगतज्ज्ञांची राष्ट्रीय संघटना, दोघांनीही असल्या "विम्याची" शिफारस केलेली नाही. वेगळी गोष्ट एकच: घरात आधीच थॅलेसेमिया किंवा असा आजार असलेलं मूल आहे आणि दुसरं येतंय. तेव्हा त्या भावंडाची नाळ जरूर ठेवावी, डॉक्टरांना सांगून.

थॅलेसेमियाचं नाव निघालं म्हणून. त्यात अनोळखी बाळाची नाळ सहसा वापरत नाहीत, कारण वर्षानुवर्षं रक्त चढवलेल्या मुलांचं शरीर इतक्या थोड्या पेशी परतवून लावतं. भावंडाचं जुळलं तर मात्र उत्तम, आणि त्यासाठी आता मुंबई गाठायलाच हवी असं नाही, इंदूरच्या आपल्या एमवाय या सरकारी रुग्णालयात 2018 पासून बोन मॅरो ट्रान्सप्लांट होतात. कोल इंडियाच्या थॅलेसेमिया बाल सेवा योजनेतून, नियमांत बसलं तर, 10 लाखांपर्यंत मदत मिळते, 2017 पासून. आम्हाला असली कुठलीच योजना लागू नव्हती. पिशवी परदेशातून आली, नुसत्या तिचेच वीस लाखांच्या वर गेले, आणि राजेंद्रनगरचा प्लॉट विकला गेला.

पोर आता चार वर्षांचं आहे, प्लेटलेट अडीच लाख. गेल्या जूनमध्ये केजीचा फॉर्म आला, त्यात रक्तगटाचा चौकोन. जन्मापासून तो बी पॉझिटिव्ह. दाता बाळाचा ओ पॉझिटिव्ह, आणि ती मुलगी होती, एवढंच आम्हाला कळवलेलं. मी नमुना घेऊन जुन्या रक्तपेढीत गेलो, तिथल्या पोरांनी माझं स्टूल मोकळं करून दिलं. ज्या द्रावणानं रक्ताची गुठळी होते, तो गट. अँटी-ए: गुठळी नाही. अँटी-बी: गुठळी नाही. अँटी-डी: झकास गुठळी. म्हणजे ओ पॉझिटिव्ह, पिशवीतल्या मुलीचा गट. मग सवयीनं उलटी तपासणीही केली, म्हणजे त्याच्या सीरममध्ये ए आणि बी च्या पेशी घालून. ओ गटाच्या माणसात दोन्ही नळ्यांत गुठळी व्हायला हवी. ए च्या नळीत झाली. बी ची नळी मी तीनदा उजेडाकडे धरली, हलवली, काही नाही. रक्त ओ चं झालं, पण कातडी, शिरांची अस्तरं, बाकीचं सगळं पोर अजून बी च आहे, म्हणून त्या नव्या पेशी बी विरुद्ध अँटिबॉडी बनवतच नाहीत. पुस्तकात वाचलं होतं, नळीत पहिल्यांदाच पाहिलं.

भाचीला फोन केला. ती म्हणाली, "मामा, चौकोन एकच आहे. काय लिहू?"

"ओ पॉझिटिव्ह लिही. आणि ट्रान्सप्लांटच्या कार्डाची झेरॉक्स मागे टाचून दे."